आपली आकडी, उलटी आकडी

क्लासच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आर्ट जर्नल म्हणजे मन शांत करायचं साधन." मी मनात म्हणलं, बाई, शांतच व्हायचं असतं तर मी घरी झोपले नसते का. मी रागानं आले होते. माझा बाप जाऊन चार महिने झाले होते, आणि माझ्या सख्ख्या भावानं त्याचा छाप चुलीत घातला होता.

छाप म्हणजे काय ते आधी सांगते. आमचं घराणं मेंढरांचं. गाव सोयगावकडं, तालुक्यापासून आत, डोंगराच्या कडंला. लोकर कातरली की सगळी मेंढरं सारखीच दिसतात, आणि रानात दोन कळप एकमेकांत घुसले की कुणाचं कुठलं ते मालकालाही कळत नाही. म्हणून कातरणी झाली की ज्यानं त्यानं आपल्या मेंढरांच्या पाठीवर खूण करायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बाभळीच्या लाकडाचा तळहाताएवढा छाप कोरला होता. गेरू कालवायचा, छाप बुडवायचा, पाठीवर दाबायचा, की झालं. छापावर आकडी होती. पाला पाडायला मेंढक्याकडं असते ती उभी काठी, वरचं टोक एका बाजूला वळलेलं, आणि बुडाशी एक टिंब.

आजोबांच्या वेळी आकडी एकच होती. पुढं आबा आणि माझा काका वेगळे झाले तेव्हा कळपाची वाटणी झाली आणि खुणेचीही झाली. एकाच्या आकडीचं टोक एका बाजूला, दुसऱ्याचं दुसऱ्या बाजूला. आमच्या घरात उजवी-डावी असं कुणी म्हणत नव्हतं. आमची ती आपली आकडी आणि काकाची ती उलटी आकडी. असंच ऐकत मी मोठी झाले.

काकाशी आमचं बोलणं बंद होतं. कारण ऐकलं तर हसाल, पण मला कधी हसू आलं नाही. भावकीतल्या एका लग्नात मानाची टॉवेल-टोपी आधी काकाला दिली, मग आबांना. आबा थोरले, काका धाकटा, हे मांडवात पाणी वाटणाऱ्यालाही ठाऊक होतं, पण देणाऱ्याची चूक झाली. काकानं "आधी दादाला द्या" एवढं म्हणायचं होतं. तो म्हणाला नाही. टोपी डोक्यावर घालून बसला. एवढंच. एवढ्यावरून बावीस वर्षं. एकाच गल्लीत घरं, आमच्या दारात उभं राहिलं की त्याचं दार दिसतं, आणि बावीस वर्षं दोघांनी एकमेकांच्या सावलीला पाय लावला नाही. आबा गेले तेव्हा काका मसणवट्यात आला, लांब लिंबाखाली उभा राहिला आणि न बोलता निघून गेला.

दहाव्याला मी भावाला विचारलं, "दाराजवळ खिळ्याला आबांचा छाप असायचा, तो कुठंय?"

"कोणता छाप?"

"आकडीचा. लाकडाचा."

"ते लाकूड व्हय? सकाळी पाव्हण्यांचं पाणी तापवायला गेलं आसंल चुलीत." वर म्हणतो, "मेंढरं इकून पंधरा वर्षं झाली, आक्का. आता छाप काय माणसांच्या पाठीवर मारायचा?"

सगळं घर पाव्हण्यांनी भरलेलं, म्हणून मी गप्प बसले. नाहीतर त्या दिवशी एक छाप त्याच्या पाठीवर नक्की उठला असता.

तर मी आले त्या क्लासला. इकडं शहरात, पुंडलिकनगरात आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी दुपारी. सात-आठ बायका. मला चित्रकलेची हौस नव्हती. शेजारणीनं सांगितलं होतं की तिथं रबरावर कोरून छाप करायला शिकवतात. मी एवढंच ऐकलं आणि नाव घातलं.

तिथं गेल्यावर कळलं की नुसता छाप नसतो, वही करावी लागते. बाकीच्या बायका फुलपाखरांच्या जाळ्या, म्हणजे आकार कापून काढलेले प्लास्टिकचे पत्रे, घेऊन बसायच्या. त्या पानावर ठेवायच्या, वरून स्पंजानं रंग थोपटायचा, जाळी उचलली की गुलाबी फुलपाखरू. खाली इंग्रजीत 'ड्रीम' असा शिक्का. बाई म्हणायच्या, प्रत्येक पानावर एक सकारात्मक शब्द लिहा. मी 'संताप' लिहिलं. बाईंनी वाचलं आणि पुढं गेल्या, बिचाऱ्या.

वहीसाठी मी घरातली डायरी घेतली. माझा नवरा शेंद्र्याला कंपनीत आहे, दर नव्या वर्षाला त्याला एक जाडजूड डायरी मिळते आणि तिच्यात तो वर्षभर काहीही लिहीत नाही. पानं पातळ, म्हणून दोन-दोन चिकटवून घेतली. रंगाआधी पानाला लावायचा विकतचा पांढरा लेप महाग पडतो, म्हणून भिंतीला मारायचा प्रायमर आणला. नवरा म्हणाला, "डायरीला चुना कशाला लावायलीस?" मी म्हणलं, तुम्हाला लावत नाही ना, मग बसा गप.

पण एकदा हात लागला आणि मी त्यात बुडाले, हे खोटं कशाला बोलू. ही वही आबांची करायची, असं मी ठरवलं. वर्षश्राद्धाला गावी न्यायची आणि सगळ्यांच्या समोर भावाच्या पुढ्यात आपटायची. बघ, तू जाळलंस ते मी परत आणलं. माझी सगळी जिद्द तीच होती. आबांच्या छातीचे एक्स-रे माझ्याकडंच पडून होते, दवाखाना शहरातला म्हणून. त्यातला एक ब्लेडनं कापून मी डोंगराची जाळी केली आणि पानोपान आमचा डोंगर उठवला. रांगोळीचे प्लास्टिकचे छाप होते, त्यांच्यातून पिवळा रंग थोपटून बाजरीचं रान केलं. नवऱ्यानं कंपनीतून फुगेवालं पॅकिंगचं प्लास्टिक आणलं, ते रंगात बुडवून दाबलं की गारा पडल्यासारखं दिसायचं. एका गारपिटीत आमची अकरा मेंढरं गेली होती, ते पान तसं केलं. आणि प्रत्येक पानावर आकडी हवी होती. त्याच्यासाठीच तर सगळं चाललं होतं.

आता आकडी आणायची कुठून? छाप जळालेला. पण माझ्याकडं त्याची एक उमट, म्हणजे उठलेला ठसा, होती. मला पहिलीत घातलं तेव्हा आबांनी माझ्या वहीच्या पुठ्ठ्यावर गेरूचा छाप मारला होता. म्हणाले, "मेंढरू हरवत नाय, तर वही कशी हरवंल?" वर्गातल्या पोरी माझ्याकडं बघून 'ब्यां ब्यां' करायच्या. मी घरी येऊन तो पुठ्ठा टराटरा फाडला आणि आबांशी आठ दिवस बोलले नाही. आईनं तो फाटका तुकडा ट्रंकेत ठेवून दिला. आई गेल्यावर ट्रंक माझ्याकडं आली, आणि छापाचा तुकडा साड्यांच्या खाली तसाच होता. गेरू फिका झाला होता, पण आकडी स्वच्छ दिसत होती.

मी तिच्यावर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलीनं गिरवली. मग रबराच्या तुकड्यावर कार्बन, त्याच्यावर तो कागद, आणि पुन्हा गिरवून आकडी जशीच्या तशी रबरावर उतरवली. बाईंनी आधीच्या शनिवारी सांगितलं होतं की अक्षरांचा छाप कोरताना उलटा कोरायचा. माझं कुठं अक्षर होतं? चित्राला कसलं आलंय उलटं-सुलटं, असं मी आपलं मनाशी ठरवलं. विचारलं असतं तर जीभ झडली असती का? पण मला वाटलं, मी मेंढक्याची पोर, आमच्याकडं पोळ्याला भेंडी आडवी कापून बैलांच्या अंगावर फुलं उठवतात, मला छाप काय शिकवता.

दोन दिवस कोरत बसले. पहिल्यांदा दाबला आणि आकडी उठली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हीच. अगदी हीच. दाराजवळच्या खिळ्याला मी लहानपणापासून बघत आले तीच.

तिथंच तर मी फसले. सहावीपासून मी वसतिगृहात होते. कातरणीच्या दिवसांत मी गावी नसायची. मेंढराच्या पाठीवरची आकडी मी थोडीच बघितली, खिळ्याला टांगलेला छाप मात्र दर सुट्टीला बघितला. छापाचं तोंड बघितलं होतं मी, जिथं आकडी उलटी कोरलेली असते, त्याची उमट नव्हे. माझ्या डोळ्यांना तोंडाचीच सवय होती. त्यामुळं उलटी उमटली तेव्हा डोळे म्हणाले, बरोबर.

पुठ्ठ्याशी ताडून बघितलं असतं तरी कळलं असतं. पण पुठ्ठा त्याच दुपारी माझ्याच हातानं गेला. पहिल्या पानावर चिकटवला आणि वरून प्रायमरचा हलका हात मारला, बाई मारायच्या तसा, जुनं नव्यात मिसळावं म्हणून. चाळीस वर्षांचा गेरू ओल्या ब्रशाला भेटला आणि बघता बघता विरघळला. आकडीच्या जागी गुलाबी डाग. मी पुसायला गेले तर तोही पसरला. भावाला मी वर्षभर शिव्या दिल्या, पण त्यानं लाकूड जाळलं होतं. शेवटची उमट मी पुसली, आणि ती मला दिसत असताना पुसली. हे मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. आता माझ्या रबरात जी आकडी होती तीच जगातली शेवटची, असं म्हणून मी ती सदतीस पानांवर मारली. शेवटची जोडपानं तेवढी पांढरी ठेवली, कारण शेवट काय करावा ते सुचत नव्हतं.

वर्षश्राद्धाला गावी गेलो. जेवणं झाल्यावर मी पिशवीतून वही काढली आणि भावाच्या पुढं ठेवली. त्यानं पानं उलटली. गारपिटीचं पान बराच वेळ बघितलं. म्हणाला, "आक्का, भारी केलंस गं." मला आणखीच राग आला. मी भांडायच्या तयारीनं आले होते आणि हा कौतुक करत होता.

वही या हातातून त्या हातात फिरत ओसरीच्या टोकाला गेली. आणि टोकाला कोण बसलेलं, तर काका. भावानं त्याला बोलावलं होतं, मला न विचारता. आता ऐंशीच्या घरातला, कमरेत वाकलेला, पण अजून सात-आठ मेंढरं राखतो. आबा असताना जो उंबरा चढला नाही तो आबा गेल्यावर लाडू खायला आला, असं मी बाजूला बसलेल्या मावशीला मोठ्यानं म्हणलं. त्यानं ऐकलं असणार. त्यानं वही मांडीवर घेतली, अंगठा जिभेला लावून एकेक पान उलटलं, शेवटाकडं गेला, पुन्हा पहिल्यापासून उलटलं.

"पोरी," तो म्हणाला, "हे पुस्तक कुणाचं हाय?"

"आबांचं."

"मग आकडी माझी कशी?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी तडकले. "तुमची कशी? तुमची उलटी."

"तुमच्या घरात माझी उलटी," तो म्हणाला. "माझ्या घरात तुमची उलटी व्हती."

ओसरीवर कुणीतरी खुसखुसलं. मी म्हणलं, वय झालंय तुमचं काका, डोळं गेलेत. तो उठला, काठी टेकत घरी गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याचा छाप होता आणि फडक्यात गेरूचा खडा. भावाच्या बायकोकडून ताटली मागितली, तांब्यातलं पाणी घेतलं आणि गेरू कालवला, चांगला दाट, मेंढराला लावतात तसा. मग वहीचं शेवटचं पांढरं पान उघडलं आणि उजव्या पानावर छाप दाबला.

टोक डावीकडं. खाली टिंब. माझ्या सदतीस आकड्यांसारखीच, नखाचा फरक नाही.

भाऊ म्हणाला, "व्हय की आक्का, ही तर काकाची." तू बोलूच नको, मी म्हणलं, तुझ्यामुळं झालंय हे सगळं. पण माझ्या लक्षात आलं होतं काय झालं ते. खिळा, छापाचं तोंड, कार्बन, सगळं एकदम. आबा ज्याच्याशी मरेपर्यंत बोलले नाहीत त्याची खूण मी आबांच्या पानापानावर मारून आणली होती, आणि त्यांची स्वतःची खूण मीच धुऊन टाकली होती. आता ती कुठंच नव्हती. मेंढरं नाहीत, लाकूड नाही, पुठ्ठा नाही. मी काकाच्या मांडीवरून वही हिसकली आणि दोन्ही हातांनी खाडकन मिटली.

"मिटू नको, ओलं हाय," काका म्हणाला, पण मिटून झाली होती.

"राहू द्या ओलं. जाळते मी ही. आपल्याकडं जाळायची रीतच आहे."

काकानं माझ्या हातातून वही परत घेतली. मी सोडत नव्हते, त्यानं बोटं सोडवून घेतली. त्याला काळजी कशाची, तर छाप फिसकटला की काय याची. मेंढक्याला बिघडलेली खूण बघवत नाही. त्यानं पान हळूच सोडवलं. प्रायमर मारलेला कागद गेरू पीत नाही, तो वरच ओला राहतो. उजव्या पानावर काकाची आकडी होती, जराशी पसरलेली. डाव्या पानावर, तिच्या समोर, दुसरी उठली होती. फिकी, पण अख्खी. टोक उजवीकडं.

काकानं वही डोळ्यांजवळ नेली. मग लांब धरली.

"हा दादाचा हाय," तो म्हणाला.

त्याच्या तोंडून 'दादा' हा शब्द मी बावीस वर्षांत ऐकला नव्हता. त्याआधी ऐकला असेल, आठवत नाही. तो त्या पानावरून बोट फिरवायला गेला आणि गेरू ओला आहे म्हणून थांबला. भाऊ मागून वाकून बघत होता. मला रडू येत होतं आणि त्याचाच संताप येत होता, कारण रडायला मी ह्या माणसाच्या समोर बसणार नव्हते.

"हे पान मला दे," काका म्हणाला.

मी म्हणलं, "का देऊ? बावीस वर्षं जिवंत माणूस समोरच्या दारात बसत होता, तेव्हा नाही घेतलात. टोपीपायी. एका टोपीपायी, काका. आता त्याची खूण पाहिजे तुम्हाला. नाही देणार. हे माझं आहे. माझ्याकडं एवढंच आहे."

मला वाटलं तो चिडंल. तो चिडला नाही. ताटलीतल्या गेरूत बोटानं पाणी ढवळत बसला.

"ती टोपी मला ढिली व्हती," तो म्हणाला. "डोळ्यावर यायची. एकदा बी परत घातली नाय."

मी त्याला मारायची राहिले. खरंच सांगते. ढिली होती. डोळ्यावर यायची. आणि हे आबांना कुणी सांगितलं नाही, आबा तिकडं टोपीचा विचार करत मेले. मी पिशवी ओढली. तिच्यात प्रायमर मारलेले दोन सुटे कागद होते, चुकून आलेले. एक काढला आणि त्याच्यापुढं टाकला.

"वहीत पुन्हा दाबा," मी म्हणलं.

त्यानं छाप गेरूत बुडवला आणि उजव्या पानावर, आधीच्याच आकडीवर, नेमका दाबला. ऐंशीच्या घरातला माणूस, पण हात जागचा हलला नाही. मी वर तो कोरा कागद ठेवला आणि मुठीनं दाबला. चांगला दाबला, अंगातला सगळा राग काढून. उचलला तर आबांची आकडी उठली होती, वहीतल्यापेक्षा ठसठशीत. तो कागद मी काकाला दिला. चहाला थांबा म्हणलं नाही.

त्यानं काठी आमच्याच भिंतीला टेकवून ठेवली, कारण ओला कागद दोन्ही तळहातांवर धरायचा होता. तसाच, हात पुढं करून, तो ओसरी उतरला. मी दारात उभी राहिले. पडंल की काय म्हणून नाही, रागानंच उभी राहिले, आणि त्याची पावलं मोजली. आमच्या उंबऱ्यापासून त्याच्या उंबऱ्यापर्यंत बासष्ट झाली. तीही म्हाताऱ्याची, काठीवाचून टाकलेली, एकेक वीत लांब. आबांचे पाय लांब होते. त्यांना वीस पुरली असती.